पुरात लेबलं गेली, आवाज राहिले : कॅसेटमधला माणूस आवाजावरून ओळखायचा कसा

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात होते. त्यातल्या एकात ४१ कॅसेटी. पाणी उतरल्यावर गाळ धुतला, टेपा सावलीत वाळवल्या, बहुतेक वाचल्याही. लेबलांवरचं अक्षर मात्र वाचलं नाही. आजोबा फाउंटन पेनानं लिहायचे. शाई कृष्णेत गेली आणि आमच्या हातात बिननावाच्या कॅसेटी राहिल्या.

आमचं मूळ गाव विट्याकडचं, घराणं गलाईचं. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. आमचे एक चुलते मदुराईला होते, एक कानपूरला. आज्जीला वाचता येत नव्हतं आणि चुलत्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून पत्राऐवजी कॅसेट जायची. एका बाजूला गावाकडची खबर, उलट बाजूला तिकडचं उत्तर. मधेच कुणी शेजारी येऊन बसायचं, पोरं ओरडायची, भजन लागायचं. कोण बोलतंय हे बोलणारा कशाला सांगेल? ऐकणाऱ्याला ते ठाऊकच असायचं. आता असे ऐकणारे दोघंच उरलेत : आत्या आणि कानपूरच्या काकू.

साठ आणि नव्वद मिनिटांच्या मिळून पन्नासेक तासांच्या टेपा होतात. सत्तरी ओलांडलेल्या आत्याला पन्नास तास बसवून ऐकवणं काही खरं नव्हतं. म्हणून चाळायचं काम यंत्राला दिलं आणि अडलेल्या जागा तेवढ्या आत्याला ऐकवल्या. त्या कामाची ही कृती. तुमच्याकडे कॅसेटींऐवजी गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमी असतील, ग्रामसभेचं रेकॉर्डिंग असेल, मोबाईलवरचे व्हॉइस मेसेज असतील, तरी कृती हीच. पायथन थोडंफार येतं एवढं धरून चाललोय.

आधी प्रश्न नेमका करा

'आवाज ओळखायचाय' असं म्हणताना आपण तीन वेगळी कामं एकाच पोत्यात भरतो. 'ही आज्जीच का?' ही पडताळणी झाली. उत्तर हो किंवा नाही. 'घरातल्या आठ जणांपैकी हे कोण?' ही ओळख. आणि 'या अर्ध्या तासात कोण कधी बोललं?' याला डायरायझेशन म्हणतात. त्यात नावं लागत नाहीत, 'माणूस क्रमांक एक, माणूस क्रमांक दोन' एवढंच कळतं. कॅसेटीसाठी तिन्ही लागतात, पण उलट्या क्रमानं : आधी तुकडे पाडा, मग कोण ते पाहा, मग शंका आली तर पडताळा.

ओळखीच्या कामात एक उत्तर पहिल्यापासून ठेवा : 'यांपैकी कोणीच नाही.' ते ठेवलं नाही तर यंत्र आठांतलं सगळ्यात जवळचं नाव देऊन मोकळं होतं, मग बोलणारा पोस्टमन का असेना.

टेपेवरून फायलीत

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया जातं. भिजलेली टेप उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली वाळवू नका, उष्णतेनं ती ताणते. गाळ असेल तर थंड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विसळून हवेशीर सावलीत ठेवा. कवच बिघडलं असेल तर स्क्रूवालं रिकामं कवच आणा आणि दोन्ही चाकं त्यात बसवा. प्लेअरचं हेड दर दोन-तीन कॅसेटींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पुरातल्या टेपा हेडवर तपकिरी पूड सोडतात.

हेडफोनच्या किंवा लाइन-आउटच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावा. मूळ प्रत ४८ किलोहर्ट्झला वेव्ह फायलीत ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. यंत्रासाठी वेगळी प्रत करा : १६ किलोहर्ट्झ, मोनो. एफएफएमपेग या फुकट प्रोग्रामला हे एका ओळीत जमतं. आपण वापरणार ती मॉडेलं, म्हणजे आवाजांवर आधीच शिकवलेले प्रोग्राम, १६ किलोहर्ट्झवरच शिकलेली आहेत.

आता वेग. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालायला हवी. पण रेकॉर्ड करताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असतील तर टेप हळू फिरलेली असते, आणि आज नीट वेगानं लावली की बोलणं चिरकं आणि घाईचं येतं. ऐकताना आपण हसून सोडून देतो. यंत्राचं तसं नाही. वेग बदलला की स्वराची पट्टी चढते, आणि तिच्याबरोबर घशा-तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या कंप्रताही वर सरकतात. यंत्राला वाटतं, हा लहान घशाचा दुसराच कुणीतरी आहे.

वेग मोजायला टेपेतच एखादी खूण शोधा. रेकॉर्डर विजेवर चालवला असेल तर मागे लाइनीची गुणगुण सापडते. ती ५० हर्ट्झची असायला हवी. पण त्या काळातली ग्रिड ५०ला चिकटून नसायची, त्यामुळे हा अंदाज ढोबळच. मला बरी खूण मिळाली ती गावातल्या मारुतीच्या देवळाची घंटा. संध्याकाळच्या कॅसेटींत ती मागून ऐकू येते, आणि घंटा अजून तिथंच टांगलेली आहे. गावी गेलो, मोबाईलवर टोल रेकॉर्ड केला, ऑडासिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या सुराला किती जोर ते दाखवणारा आलेख, काढला. आजच्या टोलाचा सगळ्यात ठळक सूर ६१२ हर्ट्झवर, एका कॅसेटीत तोच ६४० वर. म्हणजे ती टेप साडेचार टक्क्यांहून थोडी जास्त पळत होती; ०.९५६नं गुणून वेग उतरवला. चुलत्यांचा आवाज तिथल्या तिथं खाली बसला. हे करताना ऑडासिटीत वेग आणि पट्टी दोन्ही बदलणारा पर्याय घ्या. नुसता 'टेम्पो' बदललात तर बोलणं सावकाश होईल, पट्टी तशीच चिरकी राहील.

खरखर काढायचा मोह होतो. आवरा. नॉइज रिडक्शननं कानाला गोड लागतं, पण आवाजातली बारीक घडण पुसली जाते, आणि यंत्राला तीच हवी असते. कानासाठी वेगळी गोड प्रत खुशाल करा, यंत्राला कच्चीच द्या.

यंत्र काय ऐकतं

आवाजाच्या फायलीचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे घेतात, दर १० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे शेजारचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक तुकड्यात कंप्रतेच्या कुठल्या पट्टीत किती जोर आहे हे मेल नावाच्या मापावर मोजतात. साधारण ८० पट्ट्या. मेल माप आपल्या कानासारखं असतं : खालच्या सुरांत बारीक, वरच्या सुरांत ढोबळ. अशा रीतीनं एका सेकंदाचे शंभर उभे स्तंभ होतात आणि ते न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या, थराथरांच्या प्रोग्राममध्ये जातात.

नेटवर्कचे थर काही स्तंभ एकत्र पाहतात, पुढचे थर त्याहून लांबचा पल्ला पाहतात. इथवर प्रत्येक क्षणाचं वेगळं उत्तर असतं. मग येतो तो थर, ज्यानं या विद्येला वळण दिलं : सगळ्या क्षणांची सरासरी आणि चढउतार काढून, बोलणं तीन सेकंदांचं असो की तीन मिनिटांचं, ते एकाच लांबीच्या आकड्यांच्या रांगेत बसवायचं. २०१८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड स्नायडर आणि सहकाऱ्यांनी मांडलेला एक्स-व्हेक्टर यावरच उभा आहे. त्याआधी अशी रांग काढायच्या जुन्या रीती होत्या : आधी आय-व्हेक्टरचा जमाना, आणि २०१४ साली गूगलच्या लोकांनी आणलेला डी-व्हेक्टर. २०२० साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातून एकापा-टीडीएनएन नावाचं नेटवर्क आलं. त्यात सरासरी आंधळी नसते. कुठला क्षण बोलणाऱ्याबद्दल जास्त सांगतो हे नेटवर्क स्वतः तोलतं. ठसठशीत 'आ'ला वजन जास्त, खोकल्याला कमी.

शिकवायची रीत गमतीची आहे. ऑक्सफर्डच्या लोकांनी यूट्यूबवरच्या मुलाखतींतून व्हॉक्ससेलेब हा संच केला. २०१८च्या दुसऱ्या आवृत्तीत ६,११२ माणसं आणि दहा लाखांहून जास्त तुकडे. त्यातल्या शिकवणीच्या भागात ५,९९४ जण आहेत. नेटवर्कला विचारत राहायचं : हा त्यांतला कितवा? चुकलं की कान पिळायचा. शिकून झालं की शेवटचा, नावं सांगणारा थर कापून फेकून द्यायचा. आपल्याला त्या ५,९९४ जणांशी काय करायचंय? त्यांना वेगळं काढता काढता माणसामाणसातला फरक कशात असतो हे नेटवर्कच्या अंगी लागलेलं असतं, आणि आतल्या थरातली आकड्यांची रांग हाती राहते. तिला एम्बेडिंग म्हणतात. मी ठसा म्हणतो. अंगठ्याच्या ठशाइतका तो पक्का नसतो एवढं लक्षात ठेवा. अंगठ्याला सर्दी होत नाही.

हत्यारं

स्वतः नेटवर्क घडवायला बसू नका. स्पीचब्रेन ही पायथनची फुकट लायब्ररी घ्या; तिच्यासोबत व्हॉक्ससेलेबवर शिकलेलं एकापा मॉडेल तयार मिळतं. तुकड्यामागं १९२ आकड्यांचा ठसा देतं. ग्राफिक कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही ठसे निघतात, वेळ लागतो इतकंच. घाई असेल तर गूगल कोलॅब आहे, तिथं इंटरनेटवरून गूगलचा कॉम्प्युटर वापरता येतो. बोलणं कुठं आहे ते शोधायला सिलेरो, आणि कोण कधी बोललं यासाठी पायअॅनोट. एवढ्यावर भागतं.

तुकडे पाडणं

सिलेरोनं बोलण्याच्या जागा काढा. जुन्या टेपरेकॉर्डरांत आवाज आपोआप वर-खाली करणारी सोय असायची. कुणी गप्प बसलं की ती खरखर मोठी करते, आणि अशा जागी सिलेरोही फसतं. सुरुवातीचे वीस-तीस तुकडे स्वतः ऐकून त्याची संवेदनशीलता ठरवा. तीन सेकंदांच्या खालचे तुकडे बाजूला ठेवा, फेकू नका. पाच ते दहा सेकंद उत्तम. दोघं एकदम बोलत असतील तो भाग गाळा, नाहीतर ठसा दोघांच्या मधला निघतो आणि कुणाचाच नसतो. आमच्या घरात एकदम बोलायची पद्धत असल्यानं इथं बरंच गळलं.

गाणं वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. आज्जी ओव्या म्हणते तेव्हा तिचा ठसा बोलण्यापासून लांब जातो. मॉडेल शिकलंय ते मुलाखतींवर, जात्यावर नाही.

फायलीच्या नावातच कॅसेट क्रमांक, बाजू आणि सुरुवातीचा सेकंद लिहा : '१७-अ-०८४२' असं. पुढं जीव वाचतो.

ओळखीचे नमुने

आता आत्याची गरज. ज्यांचा आवाज नक्की ठाऊक आहे अशा प्रत्येकाचे सहा-सहा तुकडे हवेत, आणि ते सहा वेगवेगळ्या कॅसेटींतले. एकाच कॅसेटीतले सहा घेतलेत तर तुम्ही त्या कॅसेटीचा नमुना घेताय, माणसाचा नाही.

आत्याला तुकडे मोबाईलवर ऐकवले. यंत्राचं उत्तर आधी सांगायचं नाही, हा नियम. काकूंना कानपूरला तेच तुकडे वेगळे पाठवले. दोघींचं जुळलं तरच नमुना धरला. आठ तुकडे तिथंच अडले. त्यातल्या एकावर मी पैज लावली असती की ही आज्जी आहे. आत्या अर्धं ऐकूनच म्हणाली, "आरं, ही आई न्हवं. ही थोरली काकी. आई 'मदुराई' म्हणायची न्हाई, 'मदरास'च म्हणायची सगळ्याला." कान आवाज ऐकतो आणि शब्दही ऐकतो. यंत्राकडे ही दुसरी वाट नाही.

एका माणसाचे सहा ठसे काढले की प्रत्येकाची लांबी १ करून घ्या (इथं लांबी म्हणजे आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ; प्रत्येक आकड्याला तिनं भागायचं), मग सरासरी काढा, पुन्हा लांबी १ करा. हा त्या माणसाचा मुख्य ठसा.

दोन ठसे जुळतात का

कोसाइन नावाचं माप वापरतात. १९२ आकड्यांऐवजी तीनच आकड्यांवर हातानं करून पाहू. एक ठसा ३, ४, ०. दुसरा ४, ३, ०. जागच्या जागी गुणा आणि बेरीज करा : १२ अधिक १२ अधिक ०, म्हणजे २४. दोघांची लांबी ५, गुणाकार २५. भागलं की ०.९६, जवळपास एकाच दिशेचे. तिसरा ठसा ०, ३, ४ घेतला तर पहिल्याशी १२ भागिले २५, म्हणजे ०.४८. माप १ आलं तर दिशा तंतोतंत एक. ० म्हणजे संबंध नाही. प्रत्यक्षात स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये एकाच माणसाचे दोन तुकडेही १च्या जवळ जात नाहीत, त्यामुळे ०.६ बघून घाबरू नका.

उंबरा

किती मापाला 'तोच माणूस' म्हणायचं? ही मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड. मी उंबरा म्हणतो, आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा. स्पीचब्रेनच्या पडताळणीत हा उंबरा मुळात ०.२५वर बसवलेला असतो. तो यूट्यूबवरच्या मुलाखतींसाठी ठीक. विट्याकडच्या पडवीत भरलेल्या कॅसेटीला तो लागू पडेलच असं नाही. आपला उंबरा आपणच मोजायचा.

आठ माणसं, प्रत्येकी सहा तुकडे : एकूण ४८. एका माणसाच्या सहा तुकड्यांच्या १५ जोड्या होतात, आठ जणांच्या १२०. या 'तोच' जोड्या. वेगळ्या माणसांच्या जोड्या १,००८. सगळ्या १,१२८ जोड्यांची मापं काढा आणि दोन ढीग एकाच आलेखावर मांडा. दोन टेकड्या दिसतील, आणि त्यांची पायथ्याशी थोडी सरमिसळ. उंबरा डावीकडे सरकवला की परका आत येतो, उजवीकडे सरकवला की घरचा बाहेर राहतो. दोन्ही चुकांचं प्रमाण जिथं सारखं होतं त्याला ईक्वल एरर रेट म्हणतात. मॉडेलांची तुलना त्यावर करतात. स्पीचब्रेनच्या या मॉडेलचा व्हॉक्ससेलेबच्या चाचणीवर तो १ टक्क्याच्या आत आहे. कॅसेटीवर त्याची आशा धरू नका. आणि १२० जोड्यांत एक चूक म्हणजेच ०.८ टक्के होतात, तेव्हा स्वतःच्या घरगुती मोजणीत दशांशाच्या पुढं दोन आकडे लिहून मिरवू नये.

पण उंबरा ईक्वल एररवर ठेवायलाच हवा असं नाही. चूक कुठली महागात पडते ते बघा. आमच्या कामात नाव नसलेली फाईल पुन्हा ऐकता येते. चुकीचं नाव लागलेली फाईल मात्र पुढच्या पिढीत तशीच जाते. म्हणून मी दोन उंबरे ठेवले. वरच्याच्या वर असेल तर नाव लावा. खालच्याच्या खाली असेल तर परका. मधलं सगळं आत्याकडे. रोज रात्री जेवणानंतर दहा तुकडे, त्याहून जास्त नाही. कान थकला की माणूस होला हो म्हणतो.

कॅसेटच माणूस होऊन बसते

माझा सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. पहिल्या फेरीत एकाच कॅसेटीतल्या आज्जी आणि थोरली काकी यांचं माप आलं ०.४१, आणि दोन वेगळ्या कॅसेटींतल्या आज्जीचं स्वतःशीच ०.३८. नेटवर्क आवाज ऐकतंच, पण त्याबरोबर माईक, खोली, खरखर, टेपेचा दर्जाही ऐकतं. एकाच पडवीत, एकाच टेपरेकॉर्डरसमोर बसलेल्या दोन बायका त्याला बहिणी वाटतात.

पहिला उपाय फुकटचा आहे : उंबरा मोजताना एकाच कॅसेटीतल्या जोड्या मोजूच नका. 'तोच' जोड्या तर नाहीच नाहीत, नाहीतर खोटा चांगला निकाल येतो आणि आपण खूश होतो.

दुसरा : सगळ्या कॅसेटींतल्या सगळ्या ठशांची एक सरासरी काढा आणि ती प्रत्येक ठशातून वजा करा. सगळ्यांत समान असलेला 'कॅसेटपणा' आणि बराचसा 'मराठीपणा' त्यात निघून जातो, कारण व्हॉक्ससेलेबमध्ये भरणा इंग्रजीचा आहे. मला वाटलं, प्रत्येक कॅसेटीची सरासरी त्याच कॅसेटीतून वजा केली तर आणखी बरं. ते करू नका. ज्या कॅसेटीत तासभर एकटे चुलतेच बोललेत, तिची सरासरी म्हणजे चुलतेच. वजा केलं की तेच गायब होतात. दोन दिवस मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो होतो.

तिसरा उपाय माप सुधारायचा. काही आवाज गर्दीतले असतात, सगळ्यांशीच थोडे जुळतात. म्हणून प्रत्येक तुकडा दोन-तीनशे अनोळखी मराठी आवाजांशी ताडून बघा, त्या मापांची सरासरी आणि विचलन (सरासरीभोवती मापं किती पसरलीत ते) काढा, आणि खरं माप त्या तुलनेत किती वर आहे ते पाहा. समजा एका तुकड्याचं माप ०.४२; पण परक्यांशीही तो सरासरी ०.२२ जुळतो, विचलन ०.०८. वजा करून भागलं की २.५. दुसऱ्याचं माप ०.३८च, पण परक्यांशी सरासरी ०.०६, विचलन तेवढंच. त्याचे ४ येतात. कच्च्या मापात मागं असलेला इथं पुढं जातो, आणि बहुधा बरोबरही तोच असतो. अनोळखी आवाज कुठून आणायचे? मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाजांच्या खुल्या संचात मराठी आहे. एआय-फॉर-भारतच्या कथबाथ संचातही मराठी बोलणारे आहेत. ते स्वच्छ रेकॉर्डिंग असतं, म्हणून मी तुकडे स्पीकरवर लावून जुन्या टेपरेकॉर्डरवर कोऱ्या कॅसेटीत भरले आणि परत उतरवले. वेडेपणा वाटेल. फरक पडला.

मॉडेल पुन्हा शिकवायचं का

घरातल्या आठ जणांवर? नाही. नेटवर्क आठ जणं पाठ करेल आणि बाकी विसरेल. शेकड्यानं माणसं आणि प्रत्येकाची वेगवेगळ्या दिवसांची रेकॉर्डिंग असतील, उदाहरणार्थ एखाद्या संस्थेचा मुलाखतींचा संग्रह, तर शिकवा. तेव्हा खालचे थर गोठवा (म्हणजे बदलू देऊ नका), शिकण्याचा वेग कमी ठेवा, मुसान या तयार संचातला गोंगाट आणि खोलीचा घुमारा मिसळा. एक बारीक गोष्ट : वेग बदलून केलेली प्रत त्याच माणसाच्या नावावर घालू नका, नवा माणूस म्हणून घाला. घंटेची गोष्ट आठवत असेल तर कारण कळेल.

उरलेले अनोळखी

नावं लागली की जे तुकडे खालच्या उंबऱ्याच्या खाली राहिले, त्यांचे आपसात गट पाडा. जवळचे दोन जोडा, मग जवळचे दोन गट जोडा, असं करत वर जाणारी अॅग्लोमरेटिव्ह पद्धत सोपी आणि पुरेशी आहे. गट किती हे आधी सांगू नका. किती अंतरावर थांबायचं तेवढं सांगा. आमच्याकडे अकरा गट निघाले. एक पोस्टमन. एक मदुराईच्या दुकानातला कारागीर, मराठी बोलतो पण 'ळ' ठासून म्हणतो. दोन गट खरं तर एकच निघाले : धाकटा चुलतभाऊ, आवाज फुटण्याच्या आधी आणि नंतर. यंत्राला ते दोन माणसं वाटले म्हणून मी त्याला दोष देत नाही.

बाप-लेकांत मात्र ते अपेक्षेहून बरं चाललं. आजोबा आणि थोरले चुलते फोनवर सारखेच वाटत, असं घरात सगळे सांगतात. फोन जुन्या काळी ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या मधलंच पोचवायचा. कॅसेटीत त्याच्या वरचं पुष्कळ असतं, आणि फरकाचा काही भाग तिथंही राहतो.

इतर कुठं वापरणार असाल तर

ओळखीतल्या एकानं विचारलं, दूध संस्थेतल्या माणसांची हजेरी आवाजावर घेता येईल का? मी नको म्हटलं. आवाजाची नक्कल आता मोबाईलवरही होते, आणि ओळखणारं मॉडेल नक्कल पकडण्यासाठी शिकलेलं नसतं; त्यासाठी वेगळी मॉडेलं लागतात, त्यांच्या स्पर्धा २०१५पासून एएसव्हीस्पूफ नावानं चालतात. शिवाय आवाजावरून ओळख पटत असेल तर तो वैयक्तिक डेटा आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती, स्वतःपुरता वापर वगळलेला आहे. संस्थेची हजेरी त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली न्यायदंडाधिकाऱ्याला आवाजाचा नमुना द्यायला लावायचा अधिकार मान्य केला, पण तो तपासाचा भाग आहे आणि तिथं तज्ज्ञ बसतात. भाऊबंदकीच्या भांडणात लॅपटॉपवरचं ०.७ घेऊन कुणाच्या अंगावर जाऊ नका.

काम संपल्यावर ठसे, नावं, मापं आणि कुणी पडताळलं हे एका तक्त्यात ठेवा. 'यंत्र' आणि 'आत्या' असे दोन वेगळे रकाने. तीन प्रती करा, आणि एक तरी सांगलीबाहेर असू द्या. आमची विट्याला आहे, उंचावर.

३९ कॅसेटींवर आता पुन्हा नावं आहेत, बॉलपेननं. दोन टेपा गाळानं गेल्या. आणि एक काम अडून राहिलंय. चार कॅसेटींच्या अगदी सुरुवातीला, बटण दाबल्याच्या खटक्यानंतर, एक पुरुष म्हणतो, "हं, बोला, चालू झालंय." मग तो पुन्हा ऐकू येत नाही. चारही तुकडे दीड-दोन सेकंदांचे, तीन सेकंदांच्या उंबऱ्याखालचे. चारही जोडून सात सेकंद होतात, तेवढे ठशाला पुरतील. पण जोडायचे तर तो एकच माणूस आहे हे आधी धरावं लागतं, आणि शोधायचं तर तेच आहे. काकूंना पाठवलं, त्यांचा निरोप आला की आवाज ओळखीचा आहे, पण चेहरा येत नाही. आत्यानं पाच वेळा लावायला सांगितलं. सहाव्या वेळी म्हणाली, "मशीन त्येचं असंल. आमच्याकडं कुठं हुतं तवा मशीन." आता गावात कुणाकडे त्या वेळी टेपरेकॉर्डर होता, हे विचारत फिरतोय.